दुधाच्या दाढेची साक्ष

वेदांग सूर्यवंशीच्या दाढेने त्या सकाळी जे सांगितलं, ते वेदांगने स्वतःहून कधीच सांगितलं नसतं.

तो खुर्चीत आडवा झाला होता. तोंड उघडं, नजर छतावर चिकटवलेल्या कागदी माशांवर. वय साडेसात. डॉ. ऋजुता बिडवे यांचा लातूरमधला हा दवाखाना फक्त लहान मुलांच्या दातांचा. इथे रडणं, लाथा झाडणं आणि डॉक्टरच्या बोटाला चावणं हे सगळं रोजचंच होतं. वेदांग यातलं काहीच करत नव्हता. इतकं गुणी लेकरू खुर्चीत पडलं की ऋजुताला नेहमी थोडी शंका यायची. तिने त्याच्या उजवीकडच्या खालच्या दाढेला वाचक अडकवला. वाचक म्हणजे कपड्यांच्या चिमट्याएवढं यंत्र. भिंतीवरच्या पडद्यावर आलेख उमटायला लागला.

दुधाच्या दाताच्या मुळात काय भरायचं, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने कित्येक पिढ्यांच्या दंतवैद्यांना छळलं होतं. मोठ्या माणसाच्या दातात भरलेलं द्रव्य जन्मभर टिकायला हवं. लहान मुलाच्या दातातलं मात्र वेळ आली की नाहीसं व्हायला हवं, कारण खालून पक्का दात वर सरकू लागला की शरीर दुधाच्या दाताचं मूळ थोडंथोडं खाऊन टाकतं. जस्ताची भुकटी आणि लवंगेचं तेल यांचा जुना लेप भारी चिवट. मूळ गेलं तरी त्याचे खडे हिरडीत मागे राहायचे. आयोडीनचा लेप उलट्या स्वभावाचा. मूळ जागेवर असतानाच तो विरघळून जायचा आणि आत पोकळी उरायची. तीन वर्षांपूर्वी सहलय लेप आला तेव्हा हे भांडण मिटलं. मूळ ज्या वेगाने झिजेल, त्याच वेगाने हा लेप झिजत असे.

त्यासाठी लेपाला दाताची खबर लागायची. म्हणून त्यात दाबकण मिसळलेले होते. दातावर पडणारा प्रत्येक दाब हे सूक्ष्म स्फटिक जपून ठेवत. तो किती होता, कुठल्या बाजूने आला, केव्हा आला, सगळं. वेळ कळायची ती अंगाच्या उष्णतेवरून, कारण शरीराचं तापमान रोज ठरलेल्या लयीत चढतं आणि उतरतं. झाडाच्या खोडात वलयं साठतात तशी ही नोंद मुळाच्या टोकापासून वर साठत जायची. डॉक्टर ती वर्षाकाठी एकदा वाचत आणि मूल नीट चावतं की नाही ते बघत. लेप करणाऱ्यांच्या मनात याहून जास्त काही नव्हतं.

पडद्यावर चावण्याच्या गोलसर टेकड्या दिसत होत्या. नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण. पण सकाळी सात-दहा ते साडेसातच्या मध्ये टेकड्या नव्हत्या, सुया होत्या. बारीक, ताठ, आडव्या दिशेने आलेल्या. रोज तीन-चार. रविवारी एकही नाही. ऋजुताने पडदा मागे सरकवत नेला. आठ महिन्यांत सहाशेच्या वर सुया होत्या.

"बालाजीराव," ती शांतपणे म्हणाली, "घरी कुणी मारतं का याला?"

वेदांगचे वडील बालाजी सूर्यवंशी एका डाळमिलमध्ये फिटर होते. रुंद पंजे, नखांत तेलाचं काळं. ते चटकन उभे राहिले. "घरी कोण मारंल मॅडम? यशोमेरूच्या होस्टेलवर असतंय ते. महिन्यातनं दोन रविवार येतंय घरी. लाडानं खाऊ घालतो, अन् परत सोडतो."

"मग शाळेत?"

"काय रे? कुणी मारायलंय का तुला?" वेदांग गप्प. "मॅडम विचारायल्यात. बोल की! तोंडात काय दगड भरलाय का?" वेदांगने डोळे मिटून घेतले. महिनोन्‌महिने पोराचं हे असंच मुकं राहणं पाहून बालाजी आतून धसकलेले होते, आणि धसकलेल्या बापाचा हात लवकर उठतो. ऋजुता मध्ये पडायच्या आत त्यांनी पोराच्या डाव्या गालावर फाडकन वाजवली.

वाचक अजून दाढेलाच होता. पडद्याच्या उजव्या टोकाला एक नवी सुई सरसरत वर गेली.

बालाजी पडद्याकडे बघत राहिले. मग आपल्या हाताकडे. मदतनीस महानंदाबाईंनी पुढे होऊन वेदांगला छातीशी धरलं आणि बालाजींना मराठवाडी भाषेतल्या दोन खरमरीत शिव्या हासडल्या. त्यांनी त्या खाली मान घालून ऐकून घेतल्या.

ऋजुताला मात्र आता हवं ते सापडलं होतं. फटका कसा दिसतो, हे तिला नक्की कळलं. शिवाय आणखी दोन गोष्टी कळल्या. बापाची सुई रोजच्या सुयांच्या दुपटीहून उंच होती. आणि ती डावीकडून आली होती, रोजच्या जवळजवळ सगळ्या उजवीकडून.

"रोज मारणारा माणूस हात राखून मारतोय," ती म्हणाली. "वळ उठू नयेत एवढ्या बेताने. पक्का आहे. आणि समोर उभं राहून उजव्या गालावर मारतोय, म्हणजे डावखुरा आहे."

तर्क बिनचूक होता. फक्त ज्या माणसाला तो तिने चिकटवला, तो माणूसच अस्तित्वात नव्हता.

तिने क्ष-किरण चित्र काढलं आणि तिचा चेहरा उतरला. मूळ वयाच्या मानाने फारच झिजलं होतं. रोजच्या माराने हिरडीच्या आत सूज राहत होती, आणि सूज असली की शरीर मूळ भराभर खातं. मुळाबरोबर लेप जातो, लेपाबरोबर नोंद. त्यातही टोकाकडची, म्हणजे सगळ्यात जुनी नोंद आधी. जितका मार जास्त, तितका त्याचा पुरावा लवकर गिळला जात होता. बालकल्याण समिती छापलेला आलेख मानत नसे. आलेख कोणीही रंगवू शकतो. कणांची खूण पटवायला दातच हातात लागायचा.

"दीड-दोन महिने," ती बालाजींना म्हणाली. "मग ही दाढ पडेल, आणि तिच्यात वाचण्यासारखं फारसं उरलेलं नसेल."

"मग काढा की आत्ता."

"एका दाढेवर शाळावाले म्हणतील, पोराला बापानेच मारलं. आणि बापाने मारलेली एक सुई आता तिच्यात आहेच."

बालाजींनी तो हात खिशात घातला.

यशोमेरू निवासी शाळेची दंततपासणी ऋजुताकडेच होती. पहिलीपासून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी ही शाळा. अभ्यासाला जागं राहावं म्हणून मुलांना गोड दुधाच्या बाटल्या मिळत, त्यामुळे दातांची दैना ठरलेलीच. तिसरीच्या विशेष तुकडीतल्या चोवीसपैकी अठरा मुलांच्या मुळांत तिने स्वतः सहलय लेप भरला होता. त्यांतली एक तिची स्वतःची मुलगी होती. शाल्मली. आठ वर्षांची, तुकडीत कायम पहिली. ती होस्टेलवर नव्हती, घरून जायची. सकाळी साडेसहाला रिक्षात बसायची, आणि त्याच्या दोन तास आधीपासून आवाज न करता पाढे आणि सूत्रं घोकत बसायची. ऋजुताला याचा अभिमान होता. दवाखान्यात येणाऱ्या आयांना ती हे दोन-तीनदा तरी सांगायचीच.

दोन दिवसांत तिने शाळेत जाऊन अठरा दाढा वाचल्या. सतरांमध्ये सुया होत्या. कुणाच्या आठवड्याला दोन, कुणाच्या दिवसाला पाच. वेळ सगळ्यांची एकच. सात-दहा ते साडेसात. दहांतल्या आठ फटक्यांची दिशा उजवी. एका मुलीच्या दाढेला आतून तडा गेला होता. एका मुलाने वाचक जवळ येताच दोन्ही हात आपोआप पाठीमागे नेले आणि मान वर केली. ऋजुताने "असं का करतोस?" विचारलं तर त्यालाच ते कळलं नव्हतं.

एकच आलेख स्वच्छ होता. शाल्मलीचा. एकही सुई नाही.

ऋजुताला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटली नाही. डॉक्टरच्या मुलीला हात लावायची त्या माणसाची छाती झाली नसेल, असं ती धरून चालली. शाल्मलीचा आलेख तिने तुलनेसाठी बाजूला ठेवला. मार न खाल्लेलं मूल असं दिसतं, हे दाखवायला. त्यात सकाळच्या वेळी काही लांबट, सपाट माथ्याच्या टेकड्या होत्या. खाणं नसताना दात घट्ट आवळले की उमटतात तशा. 'दात आवळण्याची सवय, अभ्यासाचा ताण,' असं तिने शेजारी लिहिलं आणि पान उलटलं.

घरी तिने मुलीला जवळ घेतलं. "शालू, खरं सांग. वर्गात सर मारतात?"

"सर कुणालाच हात लावत नाहीत, आई," शाल्मली म्हणाली. "शप्पथ."

पोर घाबरली आहे, असं ऋजुताला वाटलं. खरं म्हणजे पोरीने अक्षर न्‌ अक्षर खरं सांगितलं होतं.

तपासणीच्या कागदावर वर्गशिक्षक चौंडे सरांनी सही केली ती डाव्या हाताने. तिने गाडीत बसताबसता बालाजींना फोन लावला. ते पलीकडून फक्त एवढंच म्हणाले, "उद्या मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी सात वाजता दोघं शाळेच्या फाटकाशी भेटले. तपासणी राहिली आहे म्हटल्यावर पहारेकऱ्याने सोडलं. विशेष तुकडीचा वर्ग मागच्या इमारतीत, तळमजल्यावर. खिडकीची एक काच उघडी होती. ऊन पटांगणात येऊन पोचलं होतं आणि आतून एका आवाजात कविता चाललेली ऐकू येत होती. मग कविता थांबली.

चौंडे सर खुर्चीत बसले होते, हातात चहाचा स्टीलचा पेला. साठीकडे झुकलेला, सौम्य चेहऱ्याचा माणूस. "प्रश्नफेरी," ते म्हणाले, आणि टाकीत पाणी भरणाऱ्या दोन नळांचं गणित सांगितलं. चोवीस डोकी पाट्यांवर झुकली. अर्ध्या मिनिटात एक हात वर झाला. मग बाकीचे. सरांनी पाट्या बघितल्या. सहा मुलं चुकली होती. काही न सांगता ती सहाही भिंतीशी जाऊन ओळीत उभी राहिली. हात पाठीमागे, मान वर. चौथा वेदांग होता.

"पहिलं उत्तर कुणाचं?" सर म्हणाले. "शाल्मली. चल."

ऋजुताला वाटलं, आता बक्षीस वगैरे देणार.

शाल्मली उठली. ओळीच्या टोकाशी गेली. तिने पहिल्या मुलाच्या उजव्या गालावर डाव्या हाताने मारली. सगळं अंग फिरवून, सराव असलेल्या माणसासारखी. दुसऱ्याला मारली. तिसरी मुलगी ओळीत सगळ्यांत लहान, तिची हनुवटी आधीच थरथरत होती. शाल्मलीचा हात जरा मऊ पडला.

"हळू," सर चहाचा घोट घेत म्हणाले. "नियम माहीत आहे. पुन्हा हळू मारलीस तर ओळ तुला मारेल."

शाल्मलीच्या जबड्याची हाडं गालात टरारून वर आली. तिने पुन्हा मारली. मुलीचं डोकं मागे भिंतीवर आपटलं. मग ती वेदांगसमोर आली, त्याच्याकडे न बघता तिने हात उचलला, आणि तो फटका बसताच वेदांगच्या तोंडातून रक्ताची चूळ बाहेर आली. तिच्याबरोबर दाढ. मुळं झिजून आखूड झालेली ती दाढ फरशीवर टणटणत शिक्षकांच्या टेबलापर्यंत गेली. वेदांग रडला नाही. त्याने रक्त गिळलं आणि मान पुन्हा वर केली.

ऋजुता दार ढकलून आत शिरली तेव्हा ती सरांच्या अंगावरच धावली होती. पण दार आणि सर यांच्या मध्ये शाल्मली उभी होती, पाचव्या मुलासमोर, हात उचललेला. आपली पोर. पहिली येणारी, पहाटे उठणारी, जिच्या कौतुकाने आपण आयांचे कान किटवले ती पोर. ऋजुताला पुढचं दिसेनासं झालं. तिने मुलीला खांद्याला धरून फिरवलं आणि सगळ्या ताकदीनिशी तिच्या डाव्या गालावर मारली. शाल्मली बाकावर आदळली. ओठ फुटला.

मग शाल्मली उठली, भिंतीशी गेली, ओळीच्या शेवटी उभी राहिली. हात पाठीमागे. मान वर.

वर्गात कोणीही हललं नाही. मुलांच्या दृष्टीने वेगळं असं काही घडलेलंच नव्हतं.

"डॉक्टर, शांत व्हा," चौंडे सर उठून म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर समजुतीचा होता. "मी आजवर एकाही लेकराला बोट लावलेलं नाही. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याला शिकवायचं, एवढंच. तुम्ही शिकलात ती शाळा काय वेगळी होती?"

वेगळी नव्हती. ऋजुताच्या गावच्या शाळेतही ज्याचं उत्तर बरोबर, त्याने बाकीच्यांच्या गालात द्यायची पद्धत होती. गुरुजी हसायचे. ती बहुतेक वेळा पहिली असायची. मुलांच्या नाकाचा शेंडा धरून गाल ताणायचा आणि मग द्यायची, हे तिला अजून चांगलं आठवत होतं. विसरली ती कधीच नव्हती. फक्त त्याला मार म्हणतात, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. सुयांचा विचार करताना तिने मास्तर धरला, रखवालदार धरला, स्वयंपाकी धरला. हलका हात लहान मुलाचा असू शकतो, हे पंधरा वर्षं लहान मुलांचेच जबडे हाताळणाऱ्या डॉक्टरच्या मनातही आलं नाही. डावखुरी मुलगी घरात असून आलं नाही.

बालाजी दारात उभे होते. त्यांनी शाल्मलीकडे बघितलं, फार वेळ. त्यांच्या मुठी वळल्या आणि सुटल्या. आठ वर्षांच्या दुसऱ्याच्या पोरीला मारणं त्यांच्याच्याने झालं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचललं.

पहिला घाव चौंडे सरांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज चोवीस मुलांनी ऐकला. दुसरा जबड्यावर. पेला लांब उडाला, चहा आणि रक्त एकत्र फळ्यावर शिंपडलं. बालाजी प्रत्येक घावाबरोबर काहीतरी ओरडत होते, पण ते शब्द नव्हते. तिसऱ्या घावाला सर खाली पडले, तरी स्टूल थांबेना. पलीकडच्या वर्गातले दोन शिक्षक आणि पहारेकरी अंगावर पडले तेव्हा कुठे ते हातातून सुटलं. ओळीतली मुलं अजून उभीच होती. त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं.

वेदांगची दाढ ऋजुताने फरशीवरून उचलली, रक्तासकट, आणि रुमालात बांधली.

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. चौंडे सर अतिदक्षता विभागात, बालाजी कोठडीत. शाळेच्या संचालकांनी पत्रक काढलं, की मुलांना मार घरी बसत असावा, शाळेत शिक्षकाने हात उगारल्याचा एकही दाखला नाही. दुसरा भाग तर खरंच होता. तुकडीतल्या पालकांना मात्र बातमीचं एकच टोक हाती लागलं. डॉक्टरीणबाईच्या पोरीने आमच्या लेकरांचे दात पाडले. मंगळवारी दुपारी चाळीस-पन्नास जण दवाखान्यासमोर जमले. पहिला दगड नावाच्या पाटीवर आला, दुसरा काच फोडून आत, प्रतीक्षेच्या खोलीतल्या रंगीत खुर्च्यांवर. एका बाईने महानंदाबाईंची वेणी धरून त्यांना पायरीवरून खाली ओढलं. "ती पोरगी बाहेर काढा!" गर्दी ओरडत होती. शाल्मली आतल्या खोलीत क्ष-किरण यंत्रामागे बसली होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. पोलीस आले तेव्हा कुठे लोक पांगले.

दुसऱ्या दिवशी बालकल्याण समितीच्या सदस्य देवकत्ते बाई फुटक्या काचांवरून पाय उचलत आत आल्या. रोखठोक बोलणारी बाई. "वेदांगच्या दाढेत मार आहे, पण तो कुणी, कुठे दिला, ते नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मुलांच्या दाढांनाही शाळेचा वकील हेच म्हणेल. पोरं तर तोंड उघडत नाहीत, आणि तुम्ही दोघांनी पाहिली ती एकच सकाळ. ही पद्धत होती, रोज, वर्गात, हुकमावरून, असं सांगणारा पुरावा आहे तुमच्याकडे?"

तो होता. ऋजुताने दोन सबंध दिवस अठरा आलेख एकाशेजारी एक लावले होते. ज्या सकाळी सतरा मुलांच्या सुया उजव्या दिशेच्या, त्याच मिनिटांना शाल्मलीच्या दाढेत सपाट माथ्याच्या टेकड्या. ज्या सकाळी दुसरं कुणी पहिलं आलं आणि सुया डावीकडून उमटल्या, त्या सकाळी शाल्मलीकडे काहीच नाही. सवय म्हणून जिच्यावर तिने काट मारली होती, ती प्रत्येक टेकडी म्हणजे एक उगारलेला हात होता. मारणाऱ्या लेकराने दात आवळले होते. दर वेळी. आठ महिने.

"मग ती दाढ हवी," देवकत्ते बाई म्हणाल्या. "लवकर. तिचं टोक झिजायला लागलंय, जुने महिने आधी जातील असं तुम्हीच सांगता. मुलीवर कसलाही ठपका येणार नाही, नाव गुप्त राहील."

"लातुरात?" ऋजुताने विचारलं. देवकत्ते बाईंनी आपली पिशवी उचलली.

त्या गेल्यावर महानंदाबाई काचा झाडता झाडता थांबल्या. मानेवर ओरखडे होते. "मॅडम, दहा मिनटाचं काम हाय," त्या हळूच म्हणाल्या. "शालूची दाढ उघडा, तो लेप धुऊन काढा, अन् साधं जस्त भरा. कोण इचारतंय? लेकरू आपलं हाय." काय बोललो ते त्यांचं त्यांनाच पटलं नसावं, कारण त्या लगेच पाठ करून झाडायला लागल्या.

ऋजुताने तेही मनात करून बघितलं होतं. एकदा नाही, दहादा. धुतलं की टेकड्या जातील. शाल्मली कुणाच्याच कागदावर राहणार नाही. जाईल ती तेवढीच नाही. सगळ्यात वरच्या थरात, सगळ्यात ताजी, एकुलती एक सुई आहे. डावीकडून आलेली, अठरा आलेखांतल्या कुठल्याही सुईहून उंच. बालाजींच्या हातालाही एवढी उंची गाठता आली नव्हती. दाढ दिली तर पोरीबरोबर आईही दिली जाईल. धुतली तर सतरा लेकरांचा मार कुणी दिलाच नाही असं होईल, बालाजी साध्या मारेकऱ्यासारखे आत राहतील, आणि चौंडे सरांच्या जागी जूनपासून दुसरे कोणी सर चहाचा पेला घेऊन बसतील.

शनिवारी सकाळी तिने शाल्मलीला खुर्चीत बसवलं. एका तबकात चिमटा ठेवला होता, दुसऱ्यात बारीक कानशी आणि जस्ताचा लेप. तिने दुसऱ्या तबकावर कापड टाकलं आणि ते बाजूला सारलं. मग स्टूल ओढून मुलीच्या डोळ्यांसमोर बसली.

"तुझी दाढ काढायची आहे, शालू. अजून घट्ट आहे, पण काढावी लागेल. मागून पक्का दात येईपर्यंत मी तिथे तार बसवून जागा राखीन."

"का काढायची?"

"तिच्यात लिहिलंय की तू मारलंस. आणि मारताना तुला ते नको होतं, हेही लिहिलंय. ते मोठ्या लोकांना दाखवायचंय, म्हणजे परत कुणाला ओळीत उभं राहावं लागणार नाही. पण लोक तुला नावं ठेवतील. मी ते थांबवू शकणार नाही."

शाल्मलीने पडद्याकडे बघितलं. या आठवड्यात आलेख वाचायला ती आपली आपणच शिकली होती. "शेवटची ती सुई कुणाची?"

"माझी."

"मोठी आहे."

"हो. सगळ्यात मोठी."

फुटलेल्या ओठावरची खपली शाल्मलीने जिभेने चाचपली. ऋजुताने इंजेक्शन दिलं, गाल बधिर व्हायची वाट बघितली, चिमटा उचलला. मुलीने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"आई, तेव्हा तूपण दात आवळले होतेस?"

त्या दिवसानंतर दोन दिवस ऋजुताचा जबडा ठणकत होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चिमटा तिच्या हातात तसाच राहिला.

"हो," ती म्हणाली.

"मग तुझी दाढ कोण काढणार?"